हीटर लावला आणि गाडीत गोड वास आला?

डिसेंबर-जानेवारीत गाडीने काशीला जायचं ठरलं की घरात याद्या सुरू होतात. स्वेटर, आजीच्या गोळ्या, चिवड्याचा डबा, गंगाजलासाठी रिकाम्या बाटल्या. गाडीची यादी मात्र दोन ओळींची: टायरमध्ये हवा आणि टाकीत डिझेल. हीटरचं नाव कुणी काढत नाही. पुण्या-कोल्हापुरात ते बटण लाल रंगाकडे वर्षानुवर्षं फिरलेलंच नसतं.

ते फिरतं रीवा सोडल्यावर. नागपूर, सिवनी, जबलपूर, कटनी, मैहर करत रीवा मागे पडतं आणि मिर्झापूरच्या दिशेने रात्रीचं धुकं लागतं. काचा आतून धूसर होतात, मागच्या सीटवरून "अरे, गारठलो आम्ही" अशी तक्रार येते आणि कुणीतरी हीटर लावतं. गरम हवा येते आणि तिच्यासोबत एक वास. गोडसर, थोडा खोकल्याच्या औषधासारखा. डब्यातलं काही सांडलं का म्हणून सगळे पायाशी बघतात. डबे नीट असतात, पण पुढच्या सीटखालची मॅट ओली आणि चिकट लागते. काच पुसली तरी पुन्हा धूसर होते, आणि बोटाला तेलकट लागते.

तो वास कूलंटचा आहे. गाडीचं पाणी इंजिनाच्या बाजूला न गळता तुमच्या पायाशी गळतंय.

बंद वर्तुळातलं पाणी

कारच्या हीटरमध्ये गीझरसारखी वेगळी कॉइल तापत नाही. इंजिन चालू असताना त्याला गार ठेवण्यासाठी पाणी आणि कूलंट यांचं मिश्रण सतत फिरत असतं. पंप ते ढकलतो, इंजिनातून ते साधारण ९० अंशांपर्यंत तापून निघतं, पुढच्या रेडिएटरमध्ये गार होतं आणि परत येतं. याच वाटेला एक लहान फाटा फुटतो. तो डॅशबोर्डच्या आत, वहीएवढ्या एका छोट्या रेडिएटरपर्यंत जातो. गॅरेजमध्ये याला हीटर कॉइल म्हणतात, पुस्तकात हीटर कोर. पंख्याची हवा त्याच्यावरून गेली की गाडीत ऊब येते. म्हणजे इंजिनाची फुकट जाणारी उष्णताच आपण वापरतो, आणि ही कल्पना मला तरी फार आवडते.

ही सगळी व्यवस्था बंद आहे, हे इथे लक्षात ठेवायचं. डिझेल जळतं म्हणून संपतं. कूलंट जळत नाही, ते फक्त फिरतं. साध्या कारमध्ये चार ते सात लिटर असतं आणि महिनोन्महिने तेवढंच राहायला हवं. "आमची गाडी थोडं पाणी खाते, महिन्याला अर्धी बाटली टाकावी लागते" असं सहज सांगणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात. पण गाडी पाणी खात नाही. ते कुठून तरी बाहेर पडतंय, किंवा त्याहून वाईट म्हणजे इंजिनाच्या आत शिरतंय.

परदेशातल्या मराठी कुटुंबांना हीच व्यवस्था मोठ्या आकारात भेटते. युरोपात सुट्टीसाठी मोटरहोम भाड्याने घेतात, म्हणजे चाकांवरचं घर: झोपायला पलंग, स्वयंपाकाचा ओटा, बाथरूम. त्यातल्या काही गाड्यांमध्ये गॅस, डिझेल किंवा विजेवर कूलंट तापवून ते भिंतींच्या कडेने पाइपांतून फिरवतात. एक पंप असतो, कपाटात किंवा कुठे कोपऱ्यात लेव्हल दाखवणारी टाकी असते, आणि पाइपांचे सांधे पलंगाखाली, सोफ्यामागे लपलेले असतात. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण आपल्या हवेत अशी हीटिंग कुणाला लागत नाही. गळती शोधायची रीत मात्र दोन्हीकडे तीच. आधी टाकीची लेव्हल बघायची, मग एकेका सांध्यावर कोरडा टिश्यू फिरवायचा. जिथे तो ओला किंवा रंगीत होतो, तिथे गळती. मोटरहोममध्ये सुरुवात अलीकडे उघडलेल्या सांध्यापासून आणि प्लायवूड फुगलेल्या जागेपासून करावी.

गार असतानाच बघा

लेव्हल तपासण्याची वेळ सकाळची, इंजिन पूर्ण गार असताना. तापल्यावर कूलंट फुगतं आणि टाकीत वर चढतं. त्यामुळे पेट्रोल पंपावर थांबून घाईघाईने पाहिलेली लेव्हल फसवी असते. टाकीवर मिन आणि मॅक्स अशा दोन खुणा असतात. त्यांच्या भरवशावर न राहता आज पाणी जिथे आहे तिथे मार्करने एक बारीक रेघ मारा. निघायच्या आठवडाभर आधी हे केलं तर गाडी गळते की नाही याचं उत्तर घरीच मिळतं.

दुसरं काम याहून सोपं. रात्री गाडीखाली जुना पुठ्ठा पसरून ठेवायचा. सकाळी डाग पडला असेल तर तो कुठे पडला आणि कसला आहे ते बघायचं. एसीचं पाणीही गाडीखाली पडतं, आणि काच साफ करायला एसी लावला असेल तर ते हिवाळ्यातही पडतं. ते साधं पाणी असतं: रंग नाही, वास नाही, पुठ्ठ्यावर वाळून जातं. कूलंट हिरवं, गुलाबी, निळं किंवा केशरी असतं, बोटांत चोळलं तर बुळबुळीत लागतं आणि सहज वाळत नाही. पाहून झाल्यावर हात साबणाने धुवा, आणि चव घेऊन खात्री करायच्या भानगडीत अजिबात पडू नका. का ते पुढे सांगते.

पुठ्ठा कोरडा आणि तरी लेव्हल खाली, असंही होतं. बारीक गळतीतला थेंब तापलेल्या इंजिनावर पडून तिथेच वाळतो, जमिनीपर्यंत येत नाही. पण मागे रंगीत पापुद्रा ठेवून जातो. बॉनेट उघडून टॉर्चच्या उजेडात रबरी पाइपांची टोकं, क्लिपांच्या कडा, रेडिएटरचा धातू आणि प्लास्टिक जिथे जुळतात ती रेघ आणि वॉटर पंपाच्या खालची बाजू पाहिली की असे डाग दिसतात. वॉटर पंपाला खाली एक छोटं भोक मुद्दामच ठेवलेलं असतं. आतलं सील झिजलं की तिथून पाणी झिरपतं आणि पंप बदलायची वेळ आल्याचं कळतं. ते भोक एम-सीलने बुजवणारे कलाकार असतात, त्यांच्यापासून गाडी लांब ठेवा.

थंडीची एक खोड इथे सांगायलाच हवी. काही सांधे गरम असताना अजिबात गळत नाहीत आणि गार झाले की गळतात. रबर आणि धातू थंडीत सारखे आकसत नाहीत, जुन्या पाइपाचं रबर कडक झालेलं असतं आणि क्लिपेची पकड सैल पडते. पुण्यात वर्षभर कोरडी असलेली गाडी जानेवारीत वाराणसीत, पारा १० अंशांच्या खाली गेलेल्या पहाटे, पहिल्यांदा थेंब टाकू शकते. बरेचदा क्लिप अर्धा आटा आवळली की काम भागतं. पाइपाला चिरा असतील तर मात्र तो बदलायचाच.

हीटर कॉइलची गळती बॉनेटखाली दिसत नाही, म्हणून ती सगळ्यात उशिरा सापडते. तिच्या खुणा गाडीच्या आत असतात: गोड वास, ओली मॅट, तेलकट धूसर काच. एसीच्या पाण्याचा निचरा तुंबला तरी मॅट ओली होते, पण ते साधं पाणी, चिकट नाही. पांढरा रुमाल मॅटवर दाबून पाहिला की फरक कळतो.

यातलं काहीच नाही आणि तरी पाणी कमी होतंय, तर शंका हेड गॅस्केटवर घ्यायची. इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहणं, ऑइलच्या झाकणाला दुधाळ चहासारखा थर दिसणं, इंजिन चालू असताना टाकीत बुडबुडे येत राहणं ही त्याची लक्षणं. थंडीत सकाळी गाडी चालू केल्यावर पहिली काही मिनिटं दिसणारी वाफ यात धरू नका, ती प्रत्येक गाडीची असते.

घाटावर गाडी जात नाही, हे बरंच आहे

काशीत पोहोचल्यावर गाडी बेनियाबाग किंवा मैदागिनच्या वाहनतळावर लावावी लागते. पुढे ई-रिक्षाने जमेल तिथपर्यंत, मग गोदौलियाच्या गर्दीतून पायी दशाश्वमेध घाट. तिथून गंगेच्या कडेने अस्सीच्या दिशेला वळलं की शीतला घाट आणि त्याला लागून अहिल्याबाई घाट. पूर्वी याला केवलगिरी घाट म्हणत. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी तो बांधून काढला आणि वर वाडा उभा केला. १७८० मध्ये विश्वनाथाचं मंदिर पुन्हा उभारणाऱ्याही त्याच. चौंडीत जन्मलेल्या बाईंच्या नावाची ती पाटी गंगेवर वाचताना मराठी माणूस क्षणभर थांबतोच, आमच्याकडच्यांनी तर आधी पाटीसोबत फोटो काढले आणि मग गंगेकडे पाहिलं.

समोरून जाणाऱ्या मोटरबोटी बघत बसलात तर एक गंमत ध्यानात येईल. बोटीच्या इंजिनाला गार व्हायला अख्खी नदी हाताशी असते, बाहेरचं पाणी खेचून पुन्हा सोडता येतं. आपल्या कारकडे तेवढेच चार-सहा लिटर.

तुम्ही घाटावर असता तेव्हा गाडी एक-दोन दिवस एका जागी, गार उभी असते. इतकी चांगली तपासणीची संधी अख्ख्या प्रवासात दुसरी मिळत नाही. गाडी लावताना खाली पुठ्ठा सरकवा (चिवड्याच्या खोक्याचा चालतो), परत आल्यावर तो आणि मार्करची रेघ पाहा. डाग असेल तर गॅरेजमध्ये "प्रेशर टेस्ट करा" असं नेमकं सांगा. टाकीच्या तोंडाला हातपंप लावून गार इंजिनातच साधारण एक बार दाब देतात आणि काटा बघतात. काटा जागेवर राहिला तर गळती नाही. खाली येऊ लागला तर पाणी कुठून निघतंय ते तिथेच दिसतं. "कूलंट टाकून देतो, चालेल काशी ते पुणे" हे उत्तर ऐकून निघू नका. गळकी बादली भरून दिल्यासारखं आहे ते.

त्याच वेळी टाकीचं किंवा रेडिएटरचं झाकणही तपासायला सांगा. हे साधं झाकण दिसतं, पण दाब धरून ठेवायचं काम त्याचं असतं. दाबाखाली पाणी १०० अंशांना उकळत नाही, आणखी वर जातं. झाकणातलं रबर गेलं की दाब राहत नाही, पाणी लवकर उकळून बाहेर येतं आणि लोक रेडिएटर बदलत बसतात.

वाटेत काटा चढला तर

फेब्रुवारी २०२५ मध्ये महाकुंभाच्या गर्दीने जबलपूर-कटनी-मैहर-रीवा या वाटेवर गाड्या तासन् तास अडकल्या होत्या. त्यात महाराष्ट्राच्या पाट्याही होत्या. अशा कोंडीत रेडिएटरला समोरून वारा मिळत नाही, सगळा भार पंख्यावर येतो. कूलंट आधीच कमी असेल तर ते अशा वेळीच उघडं पडतं.

पहिली खूण कधी कधी हीटरच देतो. तो गरम हवा देत होता आणि अचानक गार द्यायला लागला, तर हीटरपर्यंत पाणीच पोहोचत नाहीये असं समजा. तापमानाच्या काट्यावर पूर्ण विसंबू नका, कारण पाणी फार उतरलं तर सेन्सर कोरडा पडून काटा चुकीचं दाखवू शकतो. काटा चढतोय पण पाणी आहे, अशा वेळी एसी बंद करून हीटर पूर्ण लावला तर इंजिनाची थोडी उष्णता गाडीत येते आणि सुरक्षित जागा गाठायला काही मिनिटं मिळतात. लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली की मात्र पुढचा ढाबा, पुढचा पंप असा विचार करायचा नाही. गाडी जमेल तेवढी रस्त्याच्या बाहेर घ्या, इंजिन बंद करा, चारही इंडिकेटर लावा, मागे लांबवर त्रिकोण ठेवा. धुक्यात थांबलेली गाडी इंजिनापेक्षा मोठं संकट आहे. आजी-आजोबा आणि मुलं गाडीत बसून राहू नयेत, थंडी असली तरी सगळे रस्त्यापासून लांब उभे राहिलेले बरे. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ हा नंबर आहे, तो निघण्याआधीच फोनमध्ये ठेवा.

आणि झाकण उघडू नका. आत उकळत्या बिंदूच्याही वरचं पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल होताच ते अंगावर येतं. हात, चेहरा, डोळे भाजतात. कुकरची शिट्टी पडण्याआधी झाकण ओढायला कुणी धजावत नाही, पण गाडीच्या बाबतीत शहाणी माणसं हे करतात. किमान अर्धा-पाऊण तास जाऊ द्या, वरचा पाइप हाताला गार लागू द्या, मग जाड फडकं ठेवून थोडंसंच फिरवा, दाब निघू द्या आणि नंतर पूर्ण उघडा. कूलंट नसेल तर पिण्याच्या पाण्याची बाटलीही चालते, फक्त गॅरेजपर्यंत पोहोचायला. तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतायचं नाही, धातूला तडा जाऊ शकतो.

हीटर कॉइल वाटेत फुटली तर बरेच मेकॅनिक एक जुगाड करतात आणि तो योग्य आहे: तिच्याकडे जाणारा आणि येणारा पाइप एकमेकांना जोडून कॉइलला वगळतात. बहुतेक गाड्यांमध्ये इंजिन व्यवस्थित चालतं, फक्त ऊब मिळत नाही. काच साफ ठेवायला मग एसी लावायचा आणि अंगावर शाल घ्यायची.

दुसरा जुगाड हळदीचा. रेडिएटरमध्ये चमचा-दोन चमचे हळद टाकली की बारीक छिद्र बुजतं, हे जुने ड्रायव्हर शपथेवर सांगतात आणि कधी कधी ते खरंही होतं. पण जी पूड छिद्र बुजवते तीच हीटर कॉइलच्या बारीक नळ्याही बुजवते. बाजारात मिळणाऱ्या लीक बंद करणाऱ्या पावडरींचंही तेच. दुसरा काहीच मार्ग नसताना आडरानात केलं तर समजू शकतं, पण घरी पोहोचताच सगळं धुऊन घ्यायला हवं. हळद पोह्यांतच बरी.

गोड आहे म्हणूनच धोका

कूलंटमध्ये बहुतेक वेळा इथिलीन ग्लायकॉल असतं. त्याची चव गोड असते आणि ते विषारी आहे. पोटात गेलं की शरीर त्याचं जे रूपांतर करतं त्याने मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. मांजराला एखादा चमचाही जिवावर बेतू शकतो, कुत्र्याला थोडं जास्त लागतं. वाहनतळावर, गल्लीत, ढाब्यासमोर साचलेलं ते हिरवं-गुलाबी डबकं कुत्री, वासरं चाटतात, कारण त्यांना ते आवडतं. काशीच्या गल्ल्यांत जनावरं किती मोकळी फिरतात हे एकदा गेलेल्यालाही माहीत आहे. डबकं दिसलं तर त्यावर माती किंवा राख टाका, ती भरून पिशवीत बांधा आणि मग जागा भरपूर पाण्याने धुवा.

घरात धोका बाटलीचा. उरलेलं कूलंट कोल्ड्रिंकच्या किंवा बिसलेरीच्या बाटलीत भरून डिकीत ठेवायची सवय अनेकांना आहे. गुलाबी पाणी भरलेली ती बाटली तहानलेल्या मुलाला सरबत वाटू शकते. त्यातून त्याच डिकीत गंगाजलाच्याही बाटल्या असतात. कूलंट मूळ डब्यातच ठेवा, झाकण घट्ट, मुलांच्या हाताबाहेर. कुणी प्यायल्याची नुसती शंका आली तरी लक्षणांची वाट पाहू नका, उलटी काढायचा प्रयत्न करू नका, डबा सोबत घेऊन थेट हॉस्पिटल गाठा. सुरुवातीला माणूस फक्त दारू प्यायल्यासारखा झिंगलेला दिसतो आणि वेळ निघून जातो. यावर उतारा आहे, पण तो लवकर द्यावा लागतो.

दुरुस्तीनंतर

गळती बंद झाल्यावर भरायचं काय, तर गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच कूलंट. रंगावर जाऊ नका. एकाच रंगाची दोन कूलंट आतून वेगळी असू शकतात आणि वेगळी दोन मिसळली तर कधी कधी साबुदाण्याच्या खिरीसारखा गाळ होतो. तीव्र कूलंट असेल तर ते निम्मं आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं, हे प्रमाण बहुतेक गाड्यांना चालतं. नळाच्या पाण्यातले क्षार आत पापुद्रा धरतात, अगदी चहाच्या पातेल्याला धरतात तसे.

भरताना पाइपांत हवा अडकते. ती काढली नाही तर हीटर गार हवा देतो, डॅशबोर्डमागे पाणी खळखळल्याचा आवाज येतो आणि काटा वरखाली नाचतो. मेकॅनिकला हवा काढायला सांगा आणि तिथेच पंधरा मिनिटं इंजिन चालू ठेवून हीटर गरम हवा देतोय का ते हात लावून पाहा.

परतीला निघायच्या सकाळी, इंजिन गार असताना, टाकीवर मारलेली रेघ पुन्हा बघा. नवीन कूलंटमधली उरलीसुरली हवा निघून लेव्हल किंचित उतरली असेल तर थोडं भरून निघा आणि जबलपूरच्या मुक्कामी दुसऱ्या सकाळी पुन्हा पाहा. दोन बोटं उतरली असेल तर सामान खोलीवर परत नेऊन ठेवा. नागपूर साडेसातशे किलोमीटर आहे आणि गॅरेजवाला इथे, दोन गल्ल्या पलीकडे.